सव्वासात

पॉलिसीचं पुस्तक दामिनीनंच वाचून दाखवलं.
चष्मा काढून, कागद नाकाला लावून,
कारण इतकी बारीक अक्षरं
तिला काचेशिवायच दिसतात.
मला तर कशीच दिसत नाहीत.

दृष्टिदोषाचा नंबर साडेसातपेक्षा कमी असल्यास
शस्त्रक्रियेचा खर्च देय नाही.
तिचा सव्वासात. दोन्ही डोळ्यांना.

गायधनींना फोन लावला.
नऊ वर्षं हप्ता नेतात,
नेताना एक प्लेट खाऊनही जातात.
म्हणाले, भाऊ, पाव नंबरानं हुकलं बघा.
पाव.
अंबडच्या गेटासमोर सतरा वर्षं मिसळ विकतोय.
फर्स्ट शिफ्ट सुटते, पोरं बाकांवर आदळतात,
एक्स्ट्रा पावाचे पैसे
मी आजवर कुणाला मागितले नाहीत.

आई म्हणायची, सव्वा शुभ.
सव्वा रुपया, सव्वा किलो, सव्वा हात खण.
साडेसाताचं नाव काढलं
की शनिवारी तेलाची बाटली घेऊन निघायची.
कंपनीचं पंचांग वेगळं.
तिथं साडेसात भरले तर चेक,
सव्वासात म्हणजे तुमचं तुम्ही बघा.

खो मिळाल्यावर ती उठते ना,
इलॅस्टिकनं बांधलेला चष्मा
क्षणभर मागे राहतो, ती पुढे गेलेली असते.
जळगावला खांबावर फुटला. भुवईखाली चार टाके.
तेही पैसे मिळाले नव्हते,
चोवीस तास ॲडमिट नव्हती म्हणून.
आणि लेन्स घातल्या
की डोळे तर्रीसारखे लाल.

आता एक सांगतो, शकूलाही सांगितलेलं नाही.
त्या रात्री दामिनी अंधारात
मोबाईल डोळ्यांशी धरून पडली होती
आणि मी ओरडलो नाही.
रोज ओरडतो.
त्या रात्री म्हटलं, बघू दे.
वाढला पाव, तर वाढला.
किती वेळ तसाच दारात उभा.
मग लाईट लावली.
बटण इतक्या जोरात दाबलं
की पोरगी दचकली.

ब्याऐंशी हजार.
डीप फ्रीजरसाठी ठेवलेले एकतीस,
भिशी घाट्यात उचलली त्याचे चाळीस,
बाकीचे गल्ल्यातून.
कॉलेज रोडच्या काउंटरवर
दहा-वीसच्या गड्ड्या मांडल्या, रबर लावून.
मोजता मोजता त्या मुलीनं बोटं हुंगली,
म्हणाली, काळा मसाला?
म्हटलं, घरचा.

आत म्हणे हिरव्या ठिपक्याकडे बघायचं फक्त,
केस जळल्यासारखा वास येतो, संपतं.
मी बाहेर बसून
मिनिटाला किती प्लेटी पडल्या ते काढत होतो.
तेवढ्यात दार उघडलं,
भागाकार अर्धाच राहिला.

त्याच आठवड्यात गायधनी आले.
प्लेटीचे पैसे घेतले त्यांच्याकडून,
एक्स्ट्रा पावाचे नाही.

तिसऱ्या दिवशी काळा गॉगल लावून
दामिनी दुकानात आली.
मला वाटलं, आता म्हणेल काहीतरी.
टेकडीवरची लेणी दिसतात म्हणेल,
नाहीतर समोरच्या ट्रकचा नंबर वाचून दाखवेल.
तिनं गॉगल कपाळावर सरकवला,
छताकडे बघितलं.
पप्पा, पंखा किती घाण आहे.

बाकावर चढून पुसायला लागलो.
ती खालून बोट दाखवत होती,
इकडे राहिलं. अजून थोडं. पात्याच्या टोकाला.
मला तिथं काहीच दिसत नव्हतं.
ती म्हणेल तिथं
फडकं फिरवत राहिलो.